घरी सोडल्यानंतर : आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांचा पाठपुरावा

आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात आम्ही दरवर्षी बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया, नवीन यंत्रसामग्री आणि प्राप्त देणग्या यांचा तपशील सादर करीत असतो. हा तपशील आवश्यकच आहे. तथापि रुग्णालयाचे काही काम असे असते की ते कोणत्याही तक्त्यात बसत नाही. रुग्ण बरा होऊन घरी गेला, बिलाचा भरणा झाला, केसपेपर नोंदणी कक्षात जमा झाला, म्हणजे आमच्या लेखी ते प्रकरण पूर्ण होते. परंतु एका प्रकारच्या रुग्णांच्या बाबतीत काळजीचा खरा काळ त्याच दिवसापासून सुरू होतो, हे आम्हाला उशिरा उमगले. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांविषयी आम्ही हे म्हणत आहोत. विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे हा विषय मोकळेपणाने मांडावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एक तरुण मध्यरात्री आमच्या अपघात विभागात दाखल झाला. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी अतिदक्षता विभागात प्रयत्नांची शर्थ केली आणि तो वाचला. आठवड्याभराने त्याला घरी सोडण्यात आले. डिस्चार्ज कार्डावर ‘मानसोपचार विभागात दाखवावे’ अशी एक ओळ लिहिलेली होती. तो दाखवायला आला नाही. का आला नाही, हे कोणी विचारले नाही.

बिलापैकी काही रक्कम बाकी राहिली होती. आमच्या लेखा विभागाने नियमाप्रमाणे एकामागून एक तीन स्मरणपत्रे पाठविली. तिसरे पत्र हातात घेऊन त्याचे वडील स्वतः आले. त्यांनी बाकी रोखीने भरली, पावती घेतली आणि मुलगा गेल्याचे सांगून ते निघून गेले.

त्या दिवशी आम्ही केसपेपर काढून पाहिला. त्यावर घराचा पत्ता होता, दूरध्वनी क्रमांक होता, वडिलांचे नाव होते. पैशांसाठी आम्ही त्या घराशी तीनदा संपर्क साधला होता. रुग्णासाठी एकदाही नाही. यात कोणा एका कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. वसुलीसाठी आमच्याकडे ठरलेली पद्धत होती, रुग्णाच्या चौकशीसाठी तशी पद्धत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पद्धत घालून देणे हे प्रशासनाचे काम आहे, म्हणून ही उणीव आमची होती.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्याची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातील होते, आणि सर्व राज्यांत ही संख्या सर्वाधिक होती. प्रत्येक मृत्यूमागे प्रयत्न करून वाचलेल्या व्यक्तींची संख्या वीसहून अधिक असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पूर्वी एकदा केलेला प्रयत्न हा पुढील धोक्याचा सर्वांत महत्त्वाचा निदर्शक आहे, असेही ही संघटना सांगते.

स्वतःला इजा करून घेऊन रुग्णालयात आलेल्या व्यक्तींचे पुढे काय होते, याविषयी जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार शंभरपैकी सुमारे सोळा व्यक्ती वर्षभरात पुन्हा तशाच कारणाने रुग्णालयात येतात आणि एक ते दोन व्यक्ती त्याच वर्षात आत्महत्येने मृत्यू पावतात. या आकड्यांची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बहुसंख्य माणसे त्या वर्षात पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. एकदा प्रयत्न केलेला माणूस कधी ना कधी ते करणारच, ही आपल्याकडील समजूत चुकीची आहे. तो काळ निभावला जाऊ शकतो. मात्र घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने सर्वांत नाजूक असतात आणि नेमका याच काळात रुग्णाचा रुग्णालयाशी असलेला संबंध तुटलेला असतो.

धोका आधी ओळखता येतो का?

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न साहजिकच असा आला, की ज्यांना अधिक धोका आहे असे रुग्ण निवडून फक्त त्यांच्याकडे लक्ष का देऊ नये? साधने मर्यादित असताना हा प्रश्न रास्तच आहे. आम्हीही प्रथम याच दिशेने विचार केला. परंतु संशोधनाचे उत्तर निराळे आहे.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या एका रुग्णालयातील ४,८०० मनोरुग्णांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन केलेला अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्या रुग्णांपैकी ६७ जणांनी पुढे आत्महत्या केली. दाखल होतेवेळी घेतलेल्या सर्व माहितीचा उपयोग करूनही हे ६७ जण वेगळे काढता आले नाहीत. ज्यांना धोका आहे असे गणिताने सांगितले त्या यादीत एक हजाराहून अधिक नावे अशी होती, की ज्यांनी तसे काही केले नाही. उलट ज्यांनी आत्महत्या केली त्यांच्यापैकी अनेकांची नावे त्या यादीत नव्हती. पुढे २०१७ साली, त्यापूर्वीच्या पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचा आढावा घेण्यात आला. कोणत्याही एका लक्षणावरून केलेले भाकीत निव्वळ योगायोगापेक्षा किंचितच बरे ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या आपल्या सूचनांत तर स्पष्टच सांगितले आहे, की पुढील प्रयत्नाचे भाकीत करण्यासाठी गुणांच्या तक्त्यांचा वापर करू नये आणि कोणाला उपचार द्यावयाचे हे त्यावरून ठरवू नये.

आम्ही वाणिज्य शाखेतले असल्याने हे हिशेबाच्या भाषेत अधिक चांगले समजले. शंभर ऋणकोंपैकी काहींचे कर्ज बुडणार हे अनुभवाने सांगता येते आणि ताळेबंदात तेवढी तरतूद करता येते. परंतु त्या शंभरांतील नेमका कोण बुडवणार, हे त्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. येथेही तसेच आहे. शंभरपैकी सोळा जण परत येण्याचा संभव आहे हे ठाऊक असते, पण ते सोळा कोण हे ठाऊक नसते. हसतमुखाने घरी गेलेला रुग्ण त्यांत असू शकतो आणि ज्याची सर्वांना धास्ती वाटत होती तो नसूही शकतो. म्हणून ‘या रुग्णाला धोका कमी आहे’ अशी नोंद करून निश्चिंत होणे हे आपल्याच मनाची समजूत घालणे ठरते. यातून मार्ग एकच उरतो : निवड न करता अशा प्रत्येक रुग्णाची विचारपूस करावयाची. डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाशी बोलून त्याची अडचण आणि गरज जाणून घेणे अर्थातच आवश्यक आहे; फक्त त्या बोलण्याचा उपयोग कोणाला वगळण्यासाठी करावयाचा नाही.

पत्र, कार्ड आणि दूरध्वनी

केवळ विचारपूस केल्याने काय साधते, ही शंका आम्हालाही आली होती. या बाबतीतील सर्वांत जुना प्रयोग अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. जेरोम मोटो यांनी १९६९ च्या सुमारास सुरू केला. रुग्णालयातून गेल्यावर पुढील उपचार नाकारलेल्या किंवा सोडून दिलेल्या ८४३ रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षे ठरावीक अंतराने छोटी पत्रे पाठविण्यात आली. आपली आठवण आहे, आपण बरे असाल अशी आशा आहे, कळवावेसे वाटल्यास आनंद होईल, एवढाच त्यांतील आशय. कोणताही उपदेश नाही, कसलीही मागणी नाही. पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्येचे प्रमाण कमी राहिले, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता.

ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे ७७२ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना वर्षभरात आठ कार्डे पाठविण्यात आली. पुन्हा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तींची संख्या त्यामुळे फारशी घटली नाही. परंतु पुन्हा पुन्हा येणाऱ्यांच्या खेपा कमी झाल्या. कार्डे न मिळालेल्या गटात अशा १९२ घटना घडल्या, तर कार्डे मिळालेल्या गटात १०१.

आपल्यासारख्या देशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. भारतातील चेन्नई, श्रीलंकेतील कोलंबो, ब्राझीलमधील कॅम्पिनास, इराणमधील करज आणि चीनमधील युनचेंग या पाच ठिकाणच्या अपघात विभागांत आलेल्या १,८६७ रुग्णांचा त्यात समावेश होता. चेन्नईतील कामाची धुरा डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी सांभाळली. आत्महत्या प्रतिबंधासाठी १९८६ पासून काम करणाऱ्या ‘स्नेहा’ या संस्थेच्या त्या संस्थापक होत. या अभ्यासात एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटातील रुग्णांशी त्याशिवाय घरी जाण्याच्या सुमारास एक तासभर बोलण्यात आले आणि नंतर अठरा महिन्यांत नऊ वेळा, दूरध्वनीवरून किंवा घरी जाऊन, त्यांची चौकशी करण्यात आली. अठरा महिन्यांनी पाहिले असता नेहमीचे उपचार मिळालेल्या ९४५ जणांच्या गटात १८ व्यक्ती आत्महत्येने मरण पावल्या होत्या. विचारपूस केलेल्या ९२२ जणांच्या गटात २. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

देणगीदारांपुढे केवळ सोयीचे आकडे ठेवणे योग्य नव्हे, म्हणून हेही सांगितले पाहिजे. याच अभ्यासात पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण पाचही केंद्रे मिळून दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. इतरत्र झालेल्या सर्वच प्रयोगांना सारखे यश आलेले नाही. विचारपूस हा रामबाण उपाय नाही आणि औषधोपचाराला किंवा मानसोपचाराला तो पर्यायही नाही. परंतु त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, त्यातून अपाय झाल्याचे दिसत नाही, आणि जेथे मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच आहेत तेथेही ती करता येते. आमच्या मते एवढे कारण पुरेसे आहे.

आपल्या रुग्णालयात काय केले जाते

त्या अनुभवानंतर आम्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातील वेळापत्रकच स्वीकारले. रुग्ण घरी गेल्यानंतर पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, आणि त्यानंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात संपर्क साधावयाचा. यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवण्यात आली असून ती वैद्यकीय समाजसेविकांच्या ताब्यात कुलपात असते. लेखा विभागाचा तिच्याशी संबंध नाही. बिलाची बाकी असली तरी या दूरध्वनीवर तिचा उल्लेख करावयाचा नाही, असा लेखी नियम आहे.

घरी सोडण्यापूर्वी रुग्णाशी एकांतात तासभर बोलले जाते. त्यावेळी त्याच्याच शब्दांत एक कागद तयार केला जातो. मन बिघडू लागल्याची खूण कोणती, अशा वेळी स्वतः काय केल्याने बरे वाटते, कोणाकडे जाऊन बसता येईल, कोणाला मनातले सांगता येईल, रुग्णालयात कोणाला फोन करावयाचा आणि घरातील कोणत्या वस्तू दूर ठेवावयाच्या, या क्रमाने तो लिहिला जातो. अशा कागदाला ‘सुरक्षा आराखडा’ म्हणतात. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हा आराखडा आणि नंतरचे दूरध्वनी यांचा एकत्र उपयोग केल्यावर पुढील सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे.

फोन करण्यास रुग्णाची संमती आधीच घेतली जाते. कोणत्या क्रमांकावर, किती वाजता, आणि दुसऱ्या कोणी उचलल्यास काय सांगावयाचे, हेही त्याच्याकडूनच विचारून घेतले जाते. नवविवाहितेच्या सासरी किंवा विद्यार्थ्याच्या वसतिगृहात रुग्णालयाच्या नावाने फोन जाणे किती अडचणीचे होऊ शकते, हे वेगळे सांगावयास नको. पत्र पाठविल्यास साध्या बंद पाकिटातून, विभागाचे नाव न छापता पाठविले जाते.

फोनवरील बोलणे अगदी साधे असते. ‘ताई, बऱ्या आहात ना? झोप लागते का? जेवण जातं का?’ इथून सुरुवात होते. मग औषध चालू आहे का, दाखवायला येणे कशामुळे राहिले, याची चौकशी होते. जगणे नकोसे वाटते का, हे स्पष्ट शब्दांत विचारण्याचे प्रशिक्षण समाजसेविकांना दिलेले आहे. उत्तर होकारार्थी आल्यास फोन न ठेवता मानसोपचारतज्ज्ञांना जोडून दिले जाते आणि त्याच दिवशी भेटीची व्यवस्था केली जाते. फोन उचललाच नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तरीही संपर्क न झाल्यास रुग्णाने दिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडे चौकशी होते.

आमच्या रुग्णालयाची संख्या लहान आहे. तिच्या आधारे किती जीव वाचले असा दावा करणे योग्य होणार नाही. पाठपुरावा करूनही काही रुग्ण पुन्हा दाखल झाले आहेत. पण दाखवायला न येण्याची जी कारणे या फोनवरून कळली, ती आमचे डोळे उघडणारी होती. एसटीच्या भाड्याला पैसे नाहीत, मजुरी बुडते, सोबतीला कोणी नाही, मानसोपचार विभागाच्या पाटीखाली बसायला संकोच वाटतो, ही ती कारणे. त्यामुळे या रुग्णांची भेट आता सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात ठेवली जाते आणि गरजूंना प्रवासखर्च दिला जातो.

कुटुंबीयांसाठी चार शब्द

आत्महत्येचा विचार येतो का, असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे. आपुलकीने विचारल्यास बहुतेकांना हलकेच वाटते. घरी आल्यावर ‘आमचं नाक कापलंस’, ‘पुन्हा असं केलंस तर बघ’ अशी बोलणी टाळावीत. त्याचप्रमाणे काही घडलेच नाही असे दाखवून विषय पुरून टाकणेही हिताचे नसते. शेतीची औषधे आणि घरातील गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा व किल्ली दुसऱ्याकडे असावी. टोकाचा आवेग अनेकदा अल्पकाळाचा असतो. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसले तर जीव वाचतो. बरे वाटू लागले म्हणून औषधे परस्पर बंद करू नयेत. आणि रात्रंदिवस पहारा देणाऱ्या आईवडिलांनी, पत्नीने किंवा भावंडांनी स्वतःच्या झोपेचीही काळजी घ्यावी. त्यांनाही आमच्या समाजसेविकांशी बोलता येते. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. धोका तातडीचा वाटल्यास रुग्णाला एकटे न सोडता थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात आणावे.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे खरे कारण लपवितात आणि त्यामुळे उपचारात चूक होण्याचा संभव असतो. याबाबत कायदा आता बदलला आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि अशा व्यक्तीची काळजी, उपचार व पुनर्वसन करून पुढील धोका कमी करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. प्रयत्नाला गुन्हा मानणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच काय तो अपवाद आहे. रुग्णालयाकडून पोलिसांना नोंद दिली जाते, परंतु तिच्यामुळे उपचार थांबत नाहीत. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची तरतूद करणे याच अधिनियमाने विमा कंपन्यांना बंधनकारक केले आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आमच्यावर आहे आणि ते कसोशीने पाळले जाते.

देणगीदारांस विनंती

या कामाला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. समाजसेविकांचे वेतन, त्यांचे प्रशिक्षण, दूरध्वनी, टपाल आणि गरजू रुग्णांचा प्रवासखर्च, एवढ्याच बाबी आहेत. मात्र हा खर्च एकदा करून संपत नाही; तो दरवर्षी करावा लागतो. कोनशिला बसविता येईल किंवा फीत कापता येईल असे त्यात काही नाही, आणि ज्यांच्यासाठी ते चालते त्यांची छायाचित्रे व नावे आम्ही कधीही प्रसिद्ध करू शकणार नाही. ज्या रुग्णाला या फोनचा उपयोग झाला, त्याच्या बाबतीत सांगण्यासारखे काहीच घडत नाही. तो कामाला जातो, घरी येतो, जेवतो. हे जाणूनही ज्यांना या निधीस हातभार लावावासा वाटेल, त्यांनी देणगी देताना ‘पाठपुरावा निधी’ असा उल्लेख करावा. त्याचा हिशेब स्वतंत्र ठेवला जातो व लेखापरीक्षकांकडून तपासून घेतला जातो.

ज्या वडिलांच्या हातात आमचे तिसरे स्मरणपत्र होते, त्यांना आम्ही त्या दिवशी पावतीखेरीज काहीही देऊ शकलो नाही. तशी वेळ दुसऱ्या कुटुंबावर आणि आमच्यावर पुन्हा येऊ नये, यासाठी ही व्यवस्था अखंड चालविण्याचा आमचा निर्धार आहे.  आपला लोभ आहेच. तो या कामावरही असावा, ही नम्र विनंती.